टिकलीखालचा स्कोअर

शैलाताई गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. टोकियोत ओजिमा स्टेशनजवळच्या ज्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, मी बाइतो, अर्धवेळ काम करते, तिथली दुपारची शिफ्ट संपवून मी एप्रन काढला, फोन हातात घेतला, तर आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेजची रांग लागलेली. मला वाटलं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी असतील. पहिला मेसेज त्यांच्या यजमानांचा, प्रभाकररावांचा होता, दोनच ओळींचा. सौ. शैलाचं वर्षभराच्या आजारानंतर आज सकाळी निधन झालं. त्याखाली नुसते जोडलेले हात. ज्या बाईने शैलाताईंना उभ्या आयुष्यात एकदा गणपतीच्या आरतीला पाहिलं असेल, तिनेही हात जोडले होते. माझे तेवढे नव्हते, कारण मी त्या वेळी शेल्फवर ओनिगिरीचे भातगोळे लावत होते. दहा वर्षं ज्या बाईच्या घरी मी आठवड्यातून तीन-तीन दिवस चहा प्यायले, तिचं मरण मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आणि तिचं आजारपण? 'वर्षभराच्या आजारानंतर' हे दोन शब्द मी स्टाफच्या खोलीत उभी राहून पुन्हा पुन्हा वाचले. कसला आजार? कुणाचा?... रविवारीच तर त्यांचा फोन आला होता.

"वर्षा, उद्या दहाला ये. मॅच आहे," त्या म्हणाल्या होत्या. आवाज जरा बसलेला वाटला. मी विचारलं तर म्हणाल्या, एसी बाधला. मी म्हटलं, उद्या माझी शिफ्ट आहे, बदली कोणी मिळणार नाही, गुरुवारी येते. त्या म्हणाल्या, "बरं, गुरुवारी. तोवर स्कोअर बघू नकोस हं." बुधवारी त्या गेल्या.

आज पाच आठवडे झाले. या पुरवणीसाठी शैलाताईंवर हृद्य असं काहीतरी लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. हृद्य लिहायचा मी प्रयत्न करीन, पण खरं सांगायचं तर माझ्याजवळ सध्या दुःखापेक्षा राग जास्त आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये, हे मलाही कळतं. पण ज्याने फसवलं ते माणूसच जर गेलेलं असेल, तर रागवायचं तरी कुणावर?

आमची ओळख कचऱ्यामुळे झाली. आम्ही ओजिमाच्या दांचीत, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या उंच इमारतीत, नुकते राहायला आलो होतो. माझा नवरा मंदार सकाळी सातला ऑफिसला जायचा, मुलगी ईशा दीड वर्षाची, मला जपानीतलं 'नमस्कार' सोडून काही येत नव्हतं. एका सकाळी दारावर बेल वाजली. बाहेर एक ठेंगणीशी बाई उभी. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, नाकावर जाड चष्मा, कपाळावर रुपयाएवढी मरून टिकली, आणि हातात आमची कचऱ्याची पिशवी. "ही तुमचीच ना?" त्या मराठीत म्हणाल्या. "आत बेसनाचं पाकीट दिसलं, म्हणून मजले शोधत आले. आज मोएरु गोमी, जळणारा कचरा फक्त. प्लास्टिक उद्या. नाहीतर खालच्या आजी तुमच्या नावाने नोटीस लावतील." मला लाजेने काय करावं कळेना. मी आत या म्हटलं, त्या आल्या, आणि माझ्याच स्वयंपाकघरात खाली बसून त्यांनी मला कचरा वेगळा करायला शिकवलं. पाकिटावरची बारीक जपानी अक्षरं वाचताना त्या चष्मा काढून पाकीट डोळ्यांजवळ धरायच्या. हे मी तेव्हा पाहिलं होतं, आणि नंतर कितीदा तरी. पाहिलं होतं एवढंच.

त्या आठव्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. प्रभाकरराव बँकेच्या पोस्टिंगवर मुंबईहून आलेले, मुलगा अमेरिकेत. शैलाताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. त्या मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणायला लागल्या आणि मी 'तुम्ही'. "अगं, मला पण तू म्हण की," त्या म्हणायच्या. "मोठ्या बहिणीला कोणी तुम्ही म्हणतं का?" माझ्या तोंडून येतच नसे. आमच्या घरची वळणंच तशी. एकदा तरी म्हण, एकदा तरी म्हण, असं त्या इतकी वर्षं म्हणत राहिल्या, आणि मी हसून विषय बदलत राहिले.

दोन हजार अकराच्या मार्चमधला तो शुक्रवार. इमारत हलायला लागली तेव्हा मी ईशाला घेऊन जेवणाच्या टेबलाखाली होते, आणि वर कपाटातली भांडी एकेक करून पडत होती. हलणं थांबलं तसं कोणीतरी दार ठोठावलं. शैलाताई आठव्या मजल्यावरून जिन्याने, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, खाली आल्या होत्या. "मंदार येईपर्यंत मी इथेच बसते," त्या म्हणाल्या आणि बसल्या. मंदार ऑफिसमधून चालत घरी पोचेपर्यंत त्यांनी ईशाला शंभर वेळा तीच काऊ-चिऊची गोष्ट सांगितली. मग ते पुढचे दिवस. टीव्हीवर उत्तरेतली ती वाहून गेलेली गावं, मग अणुभट्टीच्या बातम्या, मग भारतातून फोन... निघा, निघा, काय करताय तिथे. आमचं निघणं शक्य नव्हतं. मंदारच्या क्लायंटने स्पष्ट सांगितलं होतं की जे जातील त्यांनी परत येऊ नये. मी रडकुंडीला आले होते. शैलाताईंनी माझा हात धरून सांगितलं, "आपण इथेच आहोत. तू खाली, मी वर." मला तेवढं पुरलं.

मंगळवारी सकाळी त्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या, तांदूळ, बॅटरीचे सेल, मेणबत्त्या असं सगळं ट्रॉलीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या. "आमच्याकडे जास्त झालं होतं," म्हणाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. आपण मिळून कोनबिनीत जाऊ, ब्रेड आला असेल." आपल्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जपानीतही तसंच म्हणतात, जाऊन येते. दुसऱ्या दिवशी मी ईशाला तयार करून नऊपासून वाट पाहत बसले. दहा वाजले. साडेदहाला मी जिन्याने वर गेले. दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीला भरपूर पाणी घातलेलं, खाली बशीत ओघळलेलं. बेल वाजवत राहिले तेव्हा शेजारच्या जपानी बाई बाहेर आल्या आणि अगदी हळू आवाजात, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "इंडो नि... काएरिमाशिता." भारतात परत गेल्या. मला जपानीतलं जे पहिलं संपूर्ण वाक्य कोणी न सांगता कळलं, ते हे.

घरी आले आणि ती ट्रॉली दिसली. आमच्याकडे जास्त झालं होतं! त्यांनी आपलं घर माझ्या घरात रिकामं केलं होतं आणि मला ते प्रेम वाटलं होतं. नंतर टोकियोच्या नळाचं पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका असं जाहीर झालं. ईशा तान्ही नव्हती, तरी माझा हात धजेना. मी तिला शैलाताईंच्या बाटल्यांतलं पाणी पाजत होते आणि प्रत्येक घोटाला शैलाताईंना शिव्या घालत होते. मंदार म्हणायचा, त्यांच्या जागी आपण काय केलं असतं? आपणही गेलो असतो. मी म्हणायचे, गेलो असतो, पण सांगून.

एप्रिल संपता संपता त्या परत आल्या. दार उघडलं तर हातात भाकरवडीचा डबा आणि दाण्याच्या चटणीची पुडी. मी 'या' म्हटलं. त्या डबा मांडीवर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बँकेने सोमवारीच तिकिटं काढली होती. मंगळवारी मी सांगायलाच आले होते. पण तुझा चेहरा बघितला आणि... सांगितलं असतं तर माझं पाऊल निघालं नसतं, वर्षा."

"मग नव्हतं निघायचं," मी म्हटलं.

त्या रडल्या. मी नाही रडले. खूप वेळाने त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "यापुढे तुझ्याआधी मला एखादी गोष्ट कळली आणि मी ती दाबून ठेवली, असं होणार नाही. जे कळेल ते दोघींना एकदम." मी मान हलवली. भाकरवडीचा डबा उघडला. मला वाटतं, त्या क्षणी मी त्यांना पुन्हा घरात घेतलं.

त्याच उन्हाळ्यात जपानच्या मुलींनी फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला. भूकंपाने खचलेला सगळा देश एकदम ताठ बसला. आमच्या दांचीतल्या आज्यासुद्धा लिफ्टमध्ये कॉर्नर आणि पेनल्टीची चर्चा करत होत्या. शैलाताई मात्र म्हणाल्या, "जिंकणाऱ्यांना काय, सगळेच विचारतात. आपण हरणाऱ्या बघू." वॉर्ड ऑफिसच्या जपानी भाषेच्या वर्गात आमच्याबरोबर युरोपातल्या एका चिमुकल्या देशाची मुलगी होती. तिची मावसबहीण तिथल्या महिला राष्ट्रीय संघात गोलकीपर होती. ती मुलगी भूकंपानंतर परत गेली ती गेलीच, पण शैलाताईंच्या डोक्यात तो संघ बसला. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच फोनवर त्यांचे निकाल शोधाल, आणि नेमकं तेच आमच्या नियमात बसत नव्हतं. एवढंच सांगते की अख्ख्या देशाची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. गोलकीपर शाळेत शिकवते, बॅकला खेळणारी एक नर्स, एक बेकरीत काम करते. मोठ्या देशांशी गाठ पडली की यांच्या जाळ्यात बदाबदा गोल. आणि हरल्यावर या सगळ्या ओळीत उभ्या राहून, आपल्या पन्नास-शंभर प्रेक्षकांना हात हलवायच्या.

"बघ, बघ," शैलाताई म्हणायच्या, "हरल्यावर पण कशा नीट उभ्या राहतात." त्या स्वतः शाळेत मिरजेला खो-खो खेळायच्या. त्यांचा संघ कायम पहिल्याच फेरीत बाद व्हायचा, हे त्या अभिमानाने सांगायच्या.

युरोपातली संध्याकाळ म्हणजे आमची उत्तररात्र, त्यामुळे मॅच चालू असताना बघणं शक्य नव्हतं. सकाळपर्यंत तिचं रेकॉर्डिंग एका वेबसाइटवर यायचं. नवरे ऑफिसला, ईशा शाळेत, कचरा खाली गेलेला, अशा वेळी दहा वाजता मी आठव्या मजल्यावर जायचे. बुटक्या टेबलावर लॅपटॉप, दोन कप आलं घातलेला चहा. नियम एकच. निकाल आधी कोणी बघायचा नाही. जे कळेल ते दोघींना एकदम. भूकंपानंतरचा तो शब्द त्यांनी अशा रीतीने खेळात आणला होता, आणि मला तो खेळ वाटत नव्हता.

अडचण एवढीच की त्या पानावर चित्राच्या खालीच मोठ्या आकड्यांत निकाल छापलेला असायचा. त्यावर शैलाताईंनी उपाय काढला. मी जायच्या आधीच त्या ते पान उघडून ठेवत आणि दोन आकड्यांवर आपल्या दोन टिकल्या चिकटवत, एक यांच्यावर, एक त्यांच्यावर. मॅच संपली की समारंभाने टिकल्या काढायच्या, "बघू बरं, आपलं मोजणं बरोबर का," असं म्हणत. मग त्या टिकल्या लॅपटॉपच्या कडेला चिकटवायच्या, आपण आरशाच्या कडेला चिकटवतो तशा. काही वर्षांत त्या पडद्याला मरून झालर लागली होती. प्रभाकरराव म्हणायचे, हा लॅपटॉप आता सवाष्ण झाला.

मी अगदीच बावळट नाही. पहिल्याच वर्षी मी त्यांना विचारलं होतं, "शैलाताई, टिकली लावताना तुम्हाला आकडा दिसतच असेल ना?"

"चष्मा काढून लावते गं," त्या म्हणाल्या. "चष्मा काढला की मला आकडा काय आणि मुंगी काय."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी मंदारलाही कौतुकाने सांगितलं, बघ, त्या किती काटेकोर आहेत.

आणि काय सुंदर सकाळी होत्या त्या! गोलकीपरला आम्ही 'बाई' म्हणायचो, शाळेतल्या म्हणून. मधल्या फळीतली जाड वेणीची ती 'वेणी'. बाईंनी एकदा एकाच मिनिटात तीन गोल अडवले, तेव्हा शैलाताईंनी उठून देवासमोर साखर ठेवली. वेणीने वीस यार्डांवरून मारलेला गोल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एकदा तर एक-एक अशी बरोबरी झाली. त्या दिवशी आम्ही दोघींनी शिरा केला आणि खालच्या आजींनाही नेऊन दिला, कशाबद्दल ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला शैलाताईंच्या जाणकारीचं फार आश्चर्य वाटायचं. गोल व्हायच्या जरा आधी त्या हातातला कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता नीट बघ हं." मी मनात म्हणायचे, खो-खो खेळलेल्या बाईला मैदान कळतं. कधी कधी त्या फोन करून सांगत, आज रेकॉर्डिंग आलं नाही. मी म्हणे, असू दे, पुढच्या वेळी. दहा वर्षांच्या आमच्या मैत्रीत माझी अशी समजूत झाली होती की हा संघ हरतो खरा, पण प्रत्येक मॅचमध्ये काहीतरी असं करतो की आपला दिवस चांगला जातो. माझे इथले काही दिवस फार वाईट होते. मंदारचा प्रोजेक्ट ओसाकाला गेला ते वर्ष, माझी आई गेली आणि मी वेळेत पोचले नाही ते वर्ष. त्या वर्षांत मी या मुलींवर तगले.

शेवटच्या वर्षात 'रेकॉर्डिंग आलं नाही' हे वाढलं. शैलाताई वाळल्या होत्या. विचारलं की म्हणायच्या, भात सोडलाय. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या हाताच्या मागे बँडेज दिसलं, तर म्हणाल्या रक्त तपासलं, साखर बघायला. सगळ्याला उत्तर तयार. आता वाटतं, त्या सगळ्याच गोष्टींवर टिकल्या लावत चालल्या होत्या आणि मी समोर बसून चहा पीत होते.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये काळ्या सुटातला जपानी माणूस अदबीने बाजूला उभा होता. प्रभाकरराव माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात टिकल्यांचं पाकीट होतं आणि ते त्यांना उघडता येत नव्हतं. "वर्षा, तू लाव," ते म्हणाले. "कुंकू घरात सापडलं नाही मला." मी पाकीट फाडलं, टिकली काढली. शैलाताईंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. कपाळ इतकं लहान कधी झालं होतं? मी टिकली नीट मध्यभागी दाबून बसवली आणि त्या वेळेपर्यंत, शपथेवर सांगते, मी त्यांना क्षमा केली होती. आजारपण लपवलं, ठीक आहे. मला रडवायचं नसेल त्यांना. मनात म्हटलं, निदान मॅचच्या बाबतीत तरी आमच्यात खोटं नव्हतं.

दोन आठवड्यांनी प्रभाकरराव लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आले. ते आता मुलाकडे जाणार आहेत. "हा तुझाच," ते म्हणाले. मी चहा केला. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "पहाटे चारला उठायची गं ती मॅचसाठी. मी ओरडायचो. संपली की मला हलवून सांगायची, आज वर्षाला दाखवण्यासारखी आहे. नाहीतर म्हणायची, आज नको, आज फार मारलं पोरींना, वर्षाला सांगते रेकॉर्डिंग आलं नाही."

मी कप खाली ठेवला. "भावोजी, त्या आधी बघायच्या?"

"प्रत्येक. दहाच्या आधी एकदा आणि मग तुझ्याबरोबर."

"पण टिकल्या... चष्मा काढून लावायच्या ना त्या?"

ते म्हणाले, "तिचा चष्मा लांबचा होता, वर्षा. जवळचं तिला चष्मा काढूनच नीट दिसायचं."

बेसनाचं पाकीट मला त्या क्षणी आठवलं. जपानी अक्षरं डोळ्यांजवळ धरलेली. पहिल्याच दिवशी माझ्या समोर होतं सगळं! प्रभाकररावांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते माझी समजूत घालायला म्हणाले, "शेवटची पण बघितली होती तिने. बसवत नव्हतं, तरी उशा लावून बसली. आणि म्हणाली, ही वर्षाला दाखवायलाच हवी, पूर्ण. जिंकल्या का गं शेवटी आपल्या मुली?"

ते गेले आणि मी दार लावून घेतलं. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. एका बाईने मैत्रिणीसाठी चांगल्या मॅच निवडल्या, यात रागवण्यासारखं काय? पण इतकी वर्षं मी सकाळी कोणाबरोबर बसत होते? मी श्वास रोखून मैदानाकडे बघत होते आणि माझ्या शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. बरोबरीच्या दिवशी मी ओरडले तेव्हा ती माझ्याबरोबर ओरडली, ते नाटक होतं. मी एकटीच आशा करत होते. मंगळवारी ट्रॉली घेऊन आलेली बाई पुढची सगळी वर्षं ट्रॉलीच घेऊन येत होती, आणि दर वेळी तिला बुधवार माहीत होता. मंदार म्हणाला, अगं, हे प्रेमच आहे. असेल. पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता तर मला जास्त आवडलं असतं. वाईट मॅच बघून मी मेले नसते.

लॅपटॉप आठ दिवस तसाच पडून होता. गेल्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी तो चार्जरला लावून उघडला. ईशा तिच्या खोलीत अभ्यास करत होती. पडदा उजळला, आधी उघडी असलेली पानं परत आणू का म्हणून त्याने विचारलं, आणि तेच पान वर आलं. आकड्यांच्या जागी दोन टिकल्या. जरा तिरक्या लागल्या होत्या. मी चहा केला. सवयीने दोन कप काढले आणि एक परत ठेवला. टिकल्या काढून आधी निकाल बघावा, असं फार मनात आलं. या वेळी तरी मला आधी कळू दे. पण नाही काढल्या. काही न बघताही मला माहीत होतंच, दाखवायलाच हवी म्हणजे जिंकल्या असणार. आठ वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्याच मिनिटाला गोल बसला, आपल्या जाळ्यात. मी म्हटलं, ठीक, आता यातून वर येतील. पंधराव्याला दुसरा. अर्ध्या तासाने बाई कोणाशी तरी आपटल्या, लंगडत बाहेर गेल्या आणि त्यांच्या जागी एक कोवळी पोर आली, हातमोजे तिला मोठे होत होते. तिसरा, चौथा. वेणीला चेंडू मिळतच नव्हता. मी अजून वाट बघत होते. कुठल्या क्षणी शैलाताईंनी कप खाली ठेवला असता, ते शोधत होते. साठ मिनिटं, सत्तर, ऐंशी. चेंडू त्यांच्या गोलपर्यंत एकदाही गेला नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी मोजलेले सात झाले होते, आणि आपल्याकडे शून्य. मुली ओळीत उभ्या राहिल्या आणि हात हलवला. आणखी काही नव्हतं. बघण्यासारखं त्या मॅचमध्ये काहीही नव्हतं.

मी टिकल्या काढल्या. शून्य आणि सात. माझं मोजणं बरोबर होतं.

मग हळूहळू ते माझ्या डोक्यात शिरलं. रविवारी पहाटे उशा लावून बसून त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. आणि 'आज नको' म्हटलं नव्हतं. रेकॉर्डिंग आलं नाही म्हटलं नव्हतं. फोन केला होता. उद्या दहाला ये. त्या सोमवारी शैलाताई मला पहिल्यांदाच, काही न निवडता, काही न झाकता, जसं आहे तसं दाखवणार होत्या. मॅच संपल्यावर टिकल्या काढून त्या पुढे काय सांगणार होत्या, तेही मला आता माहीत आहे. आणि मी म्हटलं, शिफ्ट आहे, गुरुवारी येते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला दारात म्हटलं होतं तसंच. येते.

मला रडू आलं नाही. मला संताप आला. दोन्ही टिकल्या बोटावर तशाच होत्या, त्या मी लॅपटॉपच्या कडेला, झालरीत शेवटी उरलेल्या जागेवर चिकटवल्या आणि मोठ्याने म्हटलं, "फोनवर का नाही सांगितलंस? आज येच, असं एकदा म्हणायचंस. शिफ्ट गेली असती खड्ड्यात. खोटारडी आहेस तू, शैलाताई. तू..."

आतून ईशाचा आवाज आला, "ममा, दारे तो हानाश्तेरु नो?" कोणाशी बोलतेयस?

"शैलामावशीशी," मी म्हटलं. "भांडतेय."